आधी चाचणी, मग स्थापना
पर्ल भाषेतील मॉड्यूलचा एक अभ्यासपाठ

संगणकाची भाषा शिकू लागलेला विद्यार्थी आरंभी सर्व काही स्वतः लिहितो. वर्षभराने त्याच्या ध्यानात येते, की तारखांचा हिशेब, यादीची छाननी, गुणांची बेरीज ही कामे आपल्या आधी हजारो जणांनी केलेली आहेत आणि त्यांपैकी अनेकांनी आपले लिखाण सर्वांसाठी खुले ठेवले आहे. येथून त्याच्या शिक्षणाचा कसोटीचा काळ सुरू होतो. स्वतः लिहिणे हे एक कौशल्य आहे. दुसऱ्याने लिहिलेले पारखून घेणे हे दुसरे. पहिले कौशल्य वर्गात शिकवले जाते. दुसरे बहुधा शिकवलेच जात नाही.

आमचा मूळ विषय इतिहास. इतिहासात एखादे साधन हाती आले की अभ्यासक प्रथम त्याची परीक्षा घेतो. बखर कोणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, ताम्रपटाची लिपी त्या काळाची आहे काय, एका कागदातील विधानाला दुसऱ्या कागदाचा आधार मिळतो काय, असे प्रश्न विचारल्याशिवाय तो एक ओळही स्वीकारत नाही. हाच विद्यार्थी संगणकाच्या तासाला अनोळखी माणसाचा मजकूर उचलतो आणि चालला की समाधान मानतो. ही विसंगती दूर व्हावी, या हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहोत. त्यासाठी पर्ल ही भाषा निवडली आहे, कारण मॉड्यूल बसवण्यापूर्वी त्याची चाचणी घेण्याची रीत या भाषेच्या परंपरेत पक्की रुजलेली आहे.

येथे सर्व आज्ञांची व फायलींची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकावी लागतात.

मॉड्यूल म्हणजे काय?

एका विशिष्ट कामाचा मजकूर स्वतंत्र फाईलमध्ये ठेवून त्याला नाव दिले, की तो कोणत्याही प्रोग्रॅममधून बोलावता येतो. अशा फाईलला मॉड्यूल म्हणतात. पर्लमध्ये तिच्या नावाच्या शेवटी 'पीएम' ही दोन अक्षरे येतात. 'टेस्ट::मोअर' अशा नावातील दोन विसर्गचिन्हे फोल्डरची पायरी दाखवतात. म्हणजे 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये 'मोअर.पीएम' ही फाईल आहे, असा त्याचा अर्थ.

प्रोग्रॅममध्ये 'यूज' असे लिहून मॉड्यूलचे नाव दिले की पर्ल ते शोधू लागते. कोठे शोधायचे याची यादी तिच्याजवळ तयार असते. तिला 'इंक' म्हणतात. यादीतील फोल्डर क्रमाने पाहिले जातात आणि जेथे ती फाईल प्रथम सापडेल तेथे शोध थांबतो. ही साधी गोष्ट नीट समजून घ्यावी. एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या संगणकावर असतील, तर नवी आवृत्ती बसवूनही जुनीच चालत राहण्याचा संभव असतो, कारण ती यादीत वरच्या फोल्डरमध्ये असते. पूर्वी या यादीच्या शेवटी आपण काम करीत असलेला चालू फोल्डरही असे. त्यामुळे कोणी त्या फोल्डरमध्ये त्याच नावाची बनावट फाईल ठेवली, तर ती नकळत चालण्याचा धोका होता. २०१७ साली आलेल्या ५.२६ या आवृत्तीपासून चालू फोल्डर यादीतून वगळण्यात आला.

भांडार कसे उभे राहिले?

भाषाशास्त्राचा अभ्यास केलेल्या लॅरी वॉल यांनी १८ डिसेंबर १९८७ रोजी पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या पहिल्या आवृत्तीसोबतच चाचण्यांचा एक संच होता. भाषा आपल्या यंत्रावर नीट बसली की नाही, हे घेणाऱ्याने स्वतःच पाहावे, अशी त्यामागील कल्पना होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत मॉड्यूलची आजची रचना आली. आता कोणीही भाषेच्या गाभ्याला हात न लावता तिच्यात भर घालू शकत होता.

भर घालणारे वाढले, तसा ती भर ठेवायची कोठे हा प्रश्न निर्माण झाला. टेक या अक्षरजुळणी प्रणालीच्या वापरकर्त्यांनी आपल्या साहित्याचे एक जागतिक भांडार आधीच उभे केले होते. त्याच धर्तीवर ऑक्टोबर १९९५ मध्ये पर्लचे भांडार सर्वांसाठी खुले झाले. त्याला सीपॅन म्हणतात. यार्को हिएतानिएमी यांनी त्याच्या ग्रंथपालाची जबाबदारी घेतली आणि मूळ प्रत फिनलंडमधील विद्यापीठांच्या संगणकजाळ्यावर ठेवली गेली. लेखकांनी आपले साहित्य जेथे जमा करायचे ती यंत्रणा आंद्रेआस क्योनिग यांनी उभारली. भांडारातून मॉड्यूल आणून बसवणारा 'सीपॅन' नावाचा प्रोग्रॅमही त्यांचाच. १९९७ च्या ५.००४ या आवृत्तीपासून तो पर्लसोबतच मिळू लागला. आज या भांडारात दोन लाखांहून अधिक मॉड्यूल आहेत.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. येथून घेणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही, दाम मागत नाही, पदवी पाहत नाही. ठेवणाऱ्याला फक्त नावनोंदणी करावी लागते. त्याचे लिखाण आधी कोणी तपासून मंजूर करीत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरात संगणक प्रथम पोहोचला तो त्यांच्याच रूपाने. अशा मुलामुलींना ही मोकळीक फार मोलाची आहे. परंतु दारावर कोणी पहारेकरी नाही याचा दुसरा अर्थ असा, की आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची पारख घेणाऱ्यालाच करायची आहे. त्यासाठीची साधने मात्र प्रत्येक पेटीत ठेवलेली असतात.

पेटीच्या आत

भांडारातून मॉड्यूल येते ते एका आवळलेल्या फाईलच्या रूपात. तिच्या नावात मॉड्यूलचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. ती उलगडली की साधारणपणे पुढील गोष्टी दिसतात. 'रीडमी' ही परिचयाची फाईल, 'मॅनिफेस्ट' म्हणजे पेटीतील सर्व फायलींची यादी, 'लिब' या फोल्डरमध्ये प्रत्यक्ष मॉड्यूल, 'मेकफाईल.पीएल' हा बांधणीची तयारी करणारा छोटा प्रोग्रॅम. आणि 'टी' या एकाक्षरी नावाचा फोल्डर.

या 'टी' फोल्डरमध्ये चाचण्या असतात. आमचे सांगणे असे, की नवे मॉड्यूल हाती आले म्हणजे सर्वांत आधी हाच फोल्डर उघडावा. मॉड्यूल काय करते हे परिचयपत्रात लेखकाच्या शब्दांत कळते. ते काय करील असे लेखकाने ठामपणे मांडले आहे, हे चाचण्यांत कळते. कोणते उदाहरण दिले असता कोणते उत्तर आले पाहिजे, हे तेथे स्पष्ट लिहिलेले असते. 'टी' फोल्डर रिकामा किंवा नावापुरता असेल, तर त्या मॉड्यूलविषयी सावध राहावे.

चार पायऱ्या

पेटी उलगडल्यावर चार आज्ञा क्रमाने द्यायच्या असतात.

पहिली, 'पर्ल मेकफाईल.पीएल'. या मॉड्यूलला दुसरी कोणती मॉड्यूल लागतात, ती आपल्या संगणकावर आहेत काय, पर्लची आवृत्ती पुरेशी आहे काय, हे ती पाहते. काही उणे असेल तर इशारा देते आणि पुढील कामाचा आराखडा तयार करते.

दुसरी, 'मेक'. ती मॉड्यूल तयार करून 'बी-लिब' नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवते.

तिसरी, 'मेक टेस्ट'. ती तात्पुरत्या फोल्डरमधील मॉड्यूलवर सर्व चाचण्या चालवते.

चौथी, 'मेक इन्स्टॉल'. ती मॉड्यूल कायमच्या जागी नेऊन ठेवते.

स्ट्रॉबेरी पर्ल हा संच बसवलेल्या विंडोजच्या संगणकावर 'मेक'च्या जागी 'जीमेक' असे लिहावे लागते. काही पेट्यांत 'मेकफाईल.पीएल'ऐवजी 'बिल्ड.पीएल' असते; तेथे आज्ञांची नावे बदलतात, क्रम बदलत नाही.

या क्रमातच पाठाचे सार आहे. तिसरी पायरी चौथीच्या आधी येते. चाचणी होते ती तात्पुरत्या जागेतील प्रतीची. ती नापास झाली तर संगणकावर आधीपासून बसवलेल्या मॉड्यूलना धक्का लागलेला नसतो. वसतिगृहात नवा स्वयंपाकी कायम करण्यापूर्वी त्याच्याकडून एक दिवस स्वयंपाक करवून घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

'सीपॅन' हा प्रोग्रॅम वापरला तर या चारही पायऱ्या तो स्वतः करतो आणि लागणारी इतर मॉड्यूलही आणतो. चाचणी नापास झाली की तो चौथी पायरी गाळून थांबतो. त्याला जबरदस्तीने पुढे नेण्याची 'फोर्स' ही आज्ञाही उपलब्ध आहे. ती कशासाठी आहे हे नीट कळेपर्यंत विद्यार्थ्यांनी तिला हात लावू नये.

इंटरनेट नसलेल्या किंवा वारंवार तुटणाऱ्या प्रयोगशाळेतही हे सर्व करता येते. आवश्यक पेट्या पेन ड्राइव्हवर आणल्या की चारही पायऱ्या इंटरनेटशिवाय होतात. अनेक विद्यार्थी असतील तेथे 'सीपॅन::मिनी' या मॉड्यूलच्या साहाय्याने भांडारातील ताज्या आवृत्त्यांची स्थानिक प्रत शाळेच्या एका संगणकावर ठेवता येते.

पट आणि हजेरी

चाचणी आपला निकाल कसा सांगते, हे आता पाहू. तिची भाषा अत्यंत साधी आहे आणि तिचे मूळ १९८७ च्या पहिल्या आवृत्तीतील चाचण्यांत आहे. आरंभी ती 'एक ते पाच' अशी ओळ छापते. म्हणजे एकंदर पाच चाचण्या होणार आहेत. नंतर प्रत्येक चाचणीमागे एक ओळ येते. जमली तर 'ओके' आणि क्रमांक. न जमली तर 'नॉट ओके' आणि क्रमांक.

आरंभी एकूण संख्या का सांगायची, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. शिक्षकाला याचे उत्तर सहज सुचावे. हजेरी घेताना आपण पटसंख्या आधी लिहितो आणि मग उपस्थिती. पट चाळीस आणि हजर अडतीस, एवढे पाहिले की दोघे गैरहजर आहेत हे कळते. पटच लिहिला नाही, तर हजर असलेले अडतीसही पूर्ण वर्ग वाटतील. चाचण्यांचेही तसेच. दुसऱ्या चाचणीनंतर प्रोग्रॅम कोसळला, तर पडद्यावर दोन 'ओके' दिसतील आणि एकही 'नॉट ओके' दिसणार नाही. वरवर पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटेल. परंतु पट पाचाचा होता, निकाल दोनच आले, म्हणून निकाल तपासणारा प्रोग्रॅम संपूर्ण संच नापास ठरवतो. जे घडले त्याच्या नोंदीइतकीच, जे घडायला हवे होते आणि घडले नाही त्याची नोंद महत्त्वाची असते.

चाचण्या लिहिण्यासाठी आज सामान्यतः 'टेस्ट::मोअर' हे मॉड्यूल वापरतात. २००२ मधील ५.८ या आवृत्तीपासून ते पर्लसोबतच येते. त्यातील 'इज' या फंक्शनला आलेले उत्तर, अपेक्षित उत्तर आणि चाचणीचे नाव अशा तीन गोष्टी द्यायच्या. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर काय मिळाले आणि काय अपेक्षित होते, हे ते दोन ओळींत दाखवते.

एक उदाहरण : देवनागरी अंक

आता आपल्या गरजेचे एक उदाहरण घेऊ. गुणांची यादी देवनागरी अंकांत टंकलेली आहे आणि तिची बेरीज पर्लकडून करून घ्यायची आहे. डोळ्यांना '१२' हे बाराच दिसते. संगणकाला तसे दिसत नाही. युनिकोडमध्ये रोमन मजकुरात वापरल्या जाणाऱ्या शून्य ते नऊ या अंकांना ४८ ते ५७ हे क्रमांक आहेत, तर देवनागरी शून्य ते नऊ यांना २४०६ ते २४१५. बेरीज करताना पर्ल केवळ पहिल्या संचातील अंकांना संख्या मानते. देवनागरी '१२' मध्ये शून्य मिळवा म्हटले, तर तिचे उत्तर शून्य येते. इशारे देण्याची सोय चालू केली असेल तर ती तक्रार करते. नसेल तर मुकाट्याने शून्य देऊन पुढे जाते. संपूर्ण वर्गाची बेरीज शून्य आली तर चूक लगेच कळेल. पण यादीत काही अंक रोमन आणि काही देवनागरी असतील, तर बेरीज खरी वाटेल अशी येईल आणि चुकीची असेल.

म्हणून 'शाळा::अंक' असे एक छोटे मॉड्यूल आपण लिहू. त्यात एकच फंक्शन. त्याला मजकूर द्यायचा आणि त्याने संख्या परत करायची. परंतु मॉड्यूल लिहिण्यापूर्वी चाचण्या लिहू. पाच पुरेत.

एक, मॉड्यूल उघडते काय. दोन, देवनागरी '१२' दिले असता बारा ही संख्या मिळते काय. तीन, देवनागरी '०' दिले असता शून्य मिळते काय. चार, 'गैरहजर' हा शब्द दिला असता अनुत्तर मिळते काय. पाच, पहिला अंक देवनागरी आणि दुसरा रोमन अशी मिसळ दिली असता अनुत्तर मिळते काय.

अनुत्तर याला पर्लमध्ये 'अनडेफ' म्हणतात. त्याचा अर्थ 'या जागी मूल्यच नाही'. शून्य आणि अनुत्तर यांतील भेद शाळेत फार महत्त्वाचा आहे. परीक्षेला बसून शून्य गुण मिळवलेला विद्यार्थी आणि परीक्षेलाच न आलेला विद्यार्थी यांची नोंद एक होऊ शकत नाही. पर्लच्या अटींमध्ये मात्र शून्य आणि अनुत्तर हे दोन्ही 'खोटे' मानले जातात. 'मूल्य आहे काय' असे विचारायचे असेल तर 'डिफाइन्ड' हे फंक्शन वापरावे लागते. जो हा भेद करणार नाही, त्याचा प्रोग्रॅम शून्य मिळवलेल्या मुलाला गैरहजर ठरवील.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने फंक्शनमध्ये केवळ 'आलेल्या मजकुरात शून्य मिळवा आणि परत करा' एवढेच लिहिले. निकाल असा येईल: पहिली 'ओके', दुसरी 'नॉट ओके', तिसरी 'ओके', चौथी आणि पाचवी 'नॉट ओके'. पाचपैकी तीन नापास. येथे तिसऱ्या चाचणीकडे लक्ष द्यावे. ती पास झाली, पण पद्धत चुकीची होती. कोणताही देवनागरी अंक दिला तरी हे फंक्शन शून्यच देते आणि योगायोगाने येथे शून्यच हवे होते. गणिताच्या उत्तरपत्रिकेत रीत चुकून उत्तर बरोबर यावे, त्यातला हा प्रकार. एकच चाचणी लिहिणारा अशा योगायोगाला फसतो. म्हणून अनेक बाजूंनी चाचण्या लिहायच्या.

योग्य उत्तर शोधताना विद्यार्थ्याला कळते, की हे काम करणारे मॉड्यूल पर्लच्या अलीकडच्या आवृत्त्यांसोबतच मिळते. 'युनिकोड::यूसीडी' असे त्याचे नाव. त्यातील 'नम' हे फंक्शन जगातील अनेक लिप्यांचे अंक ओळखते. सर्व अंक एकाच संचातील असतील तरच ते संख्या देते. मिसळ असेल किंवा अक्षरे असतील तर अनुत्तर देते. आपल्या फंक्शनमध्ये त्याला बोलावले, की पाचही चाचण्या पास व्हायला हव्यात.

तरीही दुसरी आणि तिसरी नापास होऊ शकतात. चाचणीच्या फाईलच्या आरंभी 'यूज यूटीएफ८' ही ओळ लिहिली नसेल तर तसे होते. या साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ती ओळ नसेल तर पर्ल '१२' या दोन अंकांना सहा निरनिराळी चिन्हे समजते आणि 'नम' अनुत्तर देते. गंमत अशी, की तेव्हा चौथी आणि पाचवी पास होतात, कारण तेथे अनुत्तरच अपेक्षित आहे. कोणत्या चाचण्या पास झाल्या आणि कोणत्या झाल्या नाहीत, यांच्या मांडणीवरूनच दोष कोठे आहे हे कळते. चाचण्यांचा संच दोष आहे एवढेच सांगून थांबत नाही. तो दोषाची दिशाही दाखवतो.

बाहेरून आणलेल्या 'नम'मध्येही मर्यादा आहे. 'साडेबारा' हे गुण दशांशचिन्हासह लिहिले तर चिन्ह हा अंक नसल्यामुळे ते अनुत्तर देते. आपल्या शाळेत अर्धा गुण देण्याची पद्धत असेल, तर सहावी चाचणी लिहावी आणि आपल्या मॉड्यूलमध्ये तिची सोय करावी. दुसऱ्याने लिहिलेल्या चाचण्यांत आपली गरज असेलच असे नाही. ती आपणच मांडायची असते.

नापास झाल्यावर काय?

चाचणी नापास झाली की दोन चुकीचे मार्ग समोर दिसतात. एक, 'फोर्स' करून बसवून टाकणे; दुसरा, 'हे आपल्याला जमणार नाही' म्हणून सोडून देणे. तिसरा मार्ग कारण शोधण्याचा. आवश्यक असलेले दुसरे मॉड्यूल नसणे, इंटरनेट नसणे, यंत्राच्या मांडणीतील फरक आणि मॉड्यूलमधील खरा दोष अशी कारणे सामान्यतः असतात. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पूर्ण तासांचाच फरक गृहीत धरून कोणी वेळेचे मॉड्यूल लिहिले, तर त्याच्या यंत्रावर ते बरोबर चालेल आणि आपल्या यंत्रावर नापास होईल. लेखक कितीही विद्वान असला, तरी आपले यंत्र त्याने पाहिलेले नसते.

ही अडचण ओळखूनच १९९८ साली ग्रॅहम बार आणि ख्रिस नँडोर यांनी सीपॅन टेस्टर्स या स्वयंसेवी उपक्रमाची कल्पना मांडली. जगभरातील स्वयंसेवक भांडारात आलेली नवी मॉड्यूल आपापल्या यंत्रावर तपासतात आणि पास किंवा नापास असा अहवाल पाठवतात. कोणत्या प्रणालीवर आणि पर्लच्या कोणत्या आवृत्तीवर मॉड्यूल टिकले, याचा तक्ता त्यातून तयार होतो. एखादे मॉड्यूल बसवण्यापूर्वी हा तक्ता पाहण्याची सवय लावावी. अहवाल देणाऱ्याने ते मॉड्यूल लिहिलेले असावे लागत नाही. त्याने ते प्रामाणिकपणे चालवून पाहिलेले असावे, एवढीच अट.

चाचणीच्या मर्यादा

चाचणीने सर्व सिद्ध होते, असा समज करून घेऊ नये. पास झालेली चाचणी एवढेच सांगते, की जे विचारले त्याचे उत्तर बरोबर आले. जे विचारलेच नाही त्याविषयी ती मौन बाळगते. शिवाय 'मेक टेस्ट' म्हणजे अनोळखी माणसाचा मजकूर आपल्या यंत्रावर चालवणेच होय, 'मेकफाईल.पीएल' हाही एक प्रोग्रॅमच आहे. म्हणून हे काम प्रशासकाच्या खात्यातून करू नये. साध्या खात्यातून करावे. 'लोकल::लिब' या मॉड्यूलच्या साहाय्याने मॉड्यूल स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवता येतात आणि संपूर्ण संगणकाला धोका पोहोचत नाही.

विद्यार्थी आज पर्लपेक्षा पायथॉन आणि जावास्क्रिप्ट अधिक शिकतात, हे आम्ही जाणतो. तेथे हा पाठ अधिकच आवश्यक आहे. पायथॉनचा 'पिप' मॉड्यूल आणतो आणि बसवतो, पण मॉड्यूलच्या चाचण्या चालवत नाही. ती जबाबदारी घेणाऱ्याकडे राहते. जावास्क्रिप्टच्या भांडारातून मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या अकरा ओळींचे मॉड्यूल त्याच्या लेखकाने काढून घेतले, तेव्हा त्याच्यावर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी एकाएकी थांबली. आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत हे त्यांपैकी अनेकांना त्या दिवसापर्यंत ठाऊकही नव्हते. अकरा ओळी वाचून समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. न वाचता घेतल्या, तर त्याची किंमत वेळ आल्यावर कळते.

आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना उद्या कार्यालयांत, बँकांत, दवाखान्यांत कोणीतरी लिहिलेले प्रोग्रॅम वापरावे लागतील. त्यांपैकी काही जण ते लिहितीलही. त्यांच्या प्रोग्रॅममधून कोणाची शिष्यवृत्ती मंजूर होईल, कोणाचे नाव यादीत येईल किंवा राहून जाईल. अशा यादीत शून्य आणि अनुत्तर यांचा घोळ झाला, तर त्याचा भार एखाद्या खऱ्या माणसावर पडतो आणि तो माणूस बहुधा असा असतो, की ज्याच्याजवळ तक्रार करायला वेळ नसतो आणि ओळखही नसते. मोठ्या नावाचे मॉड्यूल होते, सर्वजण तेच वापरतात, ही उत्तरे त्या वेळी कामाची नाहीत. आम्ही आमच्या यंत्रावर, आमच्या लिपीत, आमच्या उदाहरणांनी तपासले होते, हे सांगता आले पाहिजे.

स्वाध्याय

१. आपल्या संगणकावरील 'इंक' यादी छापून घ्या. तिच्यातील प्रत्येक फोल्डर प्रत्यक्ष अस्तित्वात आहे काय, ते पाहा.

२. भांडारातील कोणतेही एक लहान मॉड्यूल निवडा. परिचयपत्र न वाचता केवळ 'टी' फोल्डरमधील चाचण्या वाचून ते काय करते ते पाच ओळींत लिहा. नंतर परिचयपत्राशी ताडून पाहा.

३. 'शाळा::अंक' या मॉड्यूलच्या पाच चाचण्या लिहा. त्यानंतर मॉड्यूल लिहा. अर्ध्या गुणासाठी सहावी चाचणी जोडा आणि आरंभीचा पट पाचाचा सहा करायला विसरू नका.

४. चाचणीच्या फाईलमध्ये तिसऱ्या चाचणीनंतर प्रोग्रॅम मुद्दाम थांबवा. निकाल तपासणारा प्रोग्रॅम काय म्हणतो, त्याची नोंद करा आणि कारण सांगा.

५. आपल्या यंत्रावर नापास झालेल्या एखाद्या मॉड्यूलविषयी त्याच्या लेखकाला अहवाल लिहा. त्यात संगणकाची प्रणाली, पर्लची आवृत्ती, मॉड्यूलची आवृत्ती आणि चाचणीने छापलेला संपूर्ण मजकूर असावा. लेखकाचे नाव कितीही मोठे असो, अहवाल पाठवायला संकोच करू नका. आपल्या यंत्रावर काय घडले, हे आपल्याशिवाय दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही.